वाळवणाच्या कोब्यावर व्हॉलीबॉल

एखादी गोष्ट लपवायची असेल तर माझ्याकडे यावं! फुशारकी म्हणून सांगत नाही. मी नवऱ्यापासून नवाकोरा टीव्ही लपवून ठेवला होता, आणि तोही बैठकीच्या खोलीत, चालू! फोर्तुनातो रोज त्याच्यासमोर बसायचा आणि म्हणायचा, "झेनायदा, हल्ली मला चष्म्याशिवाय किती स्वच्छ दिसतं बघ!"

त्यामुळे नगरपालिकेतून फोन आला, आणि सगळ्या बायका कोब्यावर जमून डोक्याला हात लावून बसल्या, तेव्हा मी पदर नसतानाही पदर खोचल्यासारखं केलं आणि म्हटलं, "रडताय काय? उद्याचा दिवस माझ्यावर सोडा!"

सोडला हो त्यांनी. तिथंच चुकलं.

आता कोबा म्हणजे काय, ते सांगते. आमचं एल ग्वाबो गाव पेरूच्या उत्तरेकडच्या डोंगरात असं उभं टांगलंय की कोंबडीनं इथं अंडं घातलं तर ते खालच्या गावात सापडतं. अशा गावात सरकारनं क्रीडा-संस्कृतीच्या खात्यातून व्हॉलीबॉलसाठी सिमेंटचा एक चांगला रुंद, सपाट कोबा घालून दिला. शेजारी खर्चाची पाटी लावली. पाटी कोब्यापेक्षा भक्कम! तिच्यावरच्या आकड्यात इतकी शून्यं होती की त्यातली बरीचशी घाट चढताना दमून वाटेतच उतरली असावीत. कारण इथवर पोचला तो कोबा, दोन खांब, एक जाळी आणि एक चेंडू.

पण कोबा गुळगुळीत. दिवसभर त्याच्यावर ऊन. आणि कॉफीचा हंगाम! मला सांगा, असा कोबा समोर असताना कोणती शहाणी बाई त्याच्यावर उड्या मारील? आम्ही वाळवण घातलं. सरकारची दूरदृष्टी अशी की पांढरे पट्टे मारून हिस्सेवाटणीही आधीच करून ठेवलेली. चिठ्ठ्या टाकून जागा ठरल्या. सर्व्हिसचा कोपरा मला आला, आणि त्याला लागून एर्मेलिंदाचा चौकोन. एर्मेलिंदा माझ्या मुलीची धर्ममाता. त्या नात्यानं आम्ही एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतो, आणि 'कोमाद्रे' म्हणूनच भांडतो.

"कोमाद्रे, तुझं दाताळं रोज माझ्या पट्ट्याच्या आत फिरतं!"

"कोमाद्रे, तुझा पट्टाच रोज बाहेर सरकतो!"

माझ्यासाठी तो कोपरा म्हणजे नुसता कोपरा नव्हता. माझ्या घराचा पत्रा गंजून चाळणी झालाय. पाऊस आला की आम्ही जेवायचं सोडून भांडी मांडतो, पातेलं पलंगावर, तसराळं टीव्हीवर. यंदाची कॉफी नीट वाळून चांगल्या भावानं गेली की नवे पत्रे आणायचे, असं मी आणि फोर्तुनातोनं ठरवलं होतं. ओली कॉफी विकली तर व्यापारी हातावर काय ठेवतो, ते न बोललेलं बरं.

आणि फोन असा होता: उद्या तपासनीस येणार. कोब्याचा नियमित खेळासाठी वापर होतो की नाही, ते बघणार. होत नसेल तर भोवती कुंपण, फाटकाला कुलूप, किल्ली नगरपालिकेत! पाटीवरची शून्यं कुठं गेली, ते विचारायला आजवर कोणी आलं नाही. आमच्या उड्या मोजायला मात्र माणूस निघाला!

सकाळी मी सगळ्यांना कामाला लावलं. ओलसर कॉफी पोत्यांत भरली, पोती कोब्याच्या कडेनं ओळीत लावली आणि वर चादरी अंथरल्या. झाली प्रेक्षकांची गॅलरी! जाळी शोधली, तर ती एर्मेलिंदाच्या खुराड्यावर. कोंबड्या रस्त्यावर आल्या आणि जाळी खांबांवर गेली. चेंडू सापडला माझ्याच घरात. छतातलं सगळ्यात मोठं भोक बुजवायला आम्ही तोच खुपसला होता. चेंडू काढल्याबरोबर बैठकीच्या खोलीत ऊन आलं!

गावप्रमुख डॉन तेओफिलो घाबरून म्हणाले, "बाई, पण तुम्हाला खेळता येतं का?"

"डॉन तेओफिलो, तुम्हाला गाव चालवता येतं का? चाललंय ना?"

तपासनीस आले. नाव उर्तेआगा. आमच्याकडे हातात फाईल आणि डोक्यावर हेल्मेट असलं की माणूस इंजिनिअर होतो, म्हणून सगळे त्यांना इंजिनिअरसाहेब म्हणू लागले. चांगला, सरळ माणूस होता हो. तीच तर पंचाईत! खाऊ माणूस असता तर कोंबडी कापून भागलं असतं.

मी त्यांना गॅलरीत नेमकं माझ्याच पोत्यावर बसवलं. बसल्या बसल्या त्यांनी नाक वर केलं. "हा आंबूस वास कसला?"

"घामाचा, साहेब! बायका पहाटेपासून सराव करताहेत."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग त्यांचं लक्ष कोब्याच्या चिरेकडे गेलं. तिथं दोन पानांचं एक टवटवीत रोप डोलत होतं. "हे तर कॉफीचं रोप आहे!"

मी थाप जुळवतच होते. पण माझा नवरा! आयुष्यात कधी वेळेवर बोलला नाही, तो नेमका तेव्हा बोलला. "प्रेक्षक सामना बघताना कॉफी पितात, इंजिनिअरसाहेब. सांडते कधीकधी!"

मी डोळे मिटले. उघडले तर साहेब हेही लिहून घेत होते!

सामना सुरू झाला. वरच्या आळीच्या सहा बायका एकीकडे, खालच्या आळीच्या सहा एकीकडे. मी सर्व्हिस केली. चेंडू जाळीपर्यंत गेला नाही, एर्मेलिंदाच्या पाठीत बसला. ती माझ्याच बाजूला होती.

"कोमाद्रे!"

"कोमाद्रे, तू मध्ये का उभी?"

"ही माझी जागा आहे!"

इथं खरी गंमत झाली. बायका ज्या त्या आपापल्या वाळवणाच्या चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि तिथून हलायला एकही तयार नव्हती! साहेब शिट्टी फुंकून ओरडले, "अहो, फिरा! जागा बदला!"

"का म्हणून?" एर्मेलिंदानं कमरेवर हात ठेवले. "मी हलले की झेनायदा पट्टा सरकवते! चिठ्ठीत आलीय मला ही जागा!"

"आमचा स्थिर बचाव आहे, साहेब!" मी घाईघाईनं म्हटलं. "गावची जुनी पद्धत."

"विलक्षण!" साहेब म्हणाले.

आणि खरं सांगू? बचाव विलक्षणच होता. आपल्या चौकोनात दुसरीची वस्तू पडू द्यायची नाही, याचा आम्हाला दांडगा सराव! चेंडू पट्ट्याच्या आत आला की बाई असा फटका हाणायची की जाळीला अडकलेली कोंबडीची पिसं उडायची. त्यातच एर्मेलिंदा नेहमीच्या सवयीनं किंचाळली, "कोमाद्रे, तुझे दाणे परत माझ्या हद्दीत आले!"

साहेबांची पेन्सिल थांबली. "दाणे?"

"गुण, साहेब, गुण! आमच्याकडे गुणांना दाणे म्हणतात."

"वा! किती गोड शब्द!" आणि तिथून पुढे हा सरकारी माणूस पोत्यावर उभा राहून ओरडू लागला, "आणखी एक दाणा! शाब्बास ताई! टाका दाणा!" लहानपणी आईच्या मांडीवर बसून त्यांनी पेरूच्या मुलींचे ऑलिंपिकमधले व्हॉलीबॉलचे सामने बघितले होते म्हणे. डोळे चमकत होते त्यांचे. मला वाटलं, जिंकले मी! आता मुकाट शेरा मारतील, जीपमध्ये बसतील, आणि दुपारच्या उन्हात माझी कॉफी पुन्हा कोपऱ्यात पसरेल.

इतक्यात डोंगरामागून काळा ढग आला. एक थेंब पडला. एकच! आणि फोर्तुनातो, ज्याला मी वर्षानुवर्षं एवढं एकच काम शिकवलंय, तो छाती फुटेस्तोवर ओरडला, "पाणी आलं!"

मग काय विचारता! चेंडू हवेत राहिला. बाराच्या बारा बायका गॅलरीवर तुटून पडल्या. बसलेली माणसं ढकलली, चादरी फेकल्या, पोती उचलली आणि शाळेच्या ओसरीकडे धाव! मी माझं पोतं एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूनं एर्मेलिंदानं. भांडण कितीही असो, पावसात कोमाद्रे कोमाद्रेचं पोतं धरतेच. आणखी दोघी धावल्या. पोतं आज जरा जड लागलं. उशिरा तोडलेल्या कॉफीत पाणी फार, असं मनाशी म्हणत आम्ही ते ओसरीत आपटलं, तर वरून आवाज आला, "आई गं!"

पोत्यावर फतकल मारून साहेब होते. हेल्मेटसकट!

साहेब सावकाश उतरले. त्यांची विजार मागून ओलीचिंब होती, आणि तिला कॉफीचे दोन दाणे चिकटले होते. आता कुंपण, आता कुलूप! मला माझ्या घरातली सगळी भांडी एका ओळीत दिसली.

साहेबांनी हेल्मेट काढलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ताई, तुम्ही स्वतः भिजलात. सामना सोडलात. पण पाहुण्याला आधी आत आणलंत! आणि असल्या खेळाडूंचा खेळ एका सरीनं मोडावा? नाही! मी हे चालू देणार नाही. या मैदानाला मी छत मंजूर करवतो!"

"छत?" बारा तोंडांतून एकदम निघालं.

"पूर्ण कोब्यावर! उन्हाचा एक कवडसा आत यायचा नाही!"

"नको हो साहेब!" मी अक्षरशः त्यांची बाही धरली. "आम्हाला ऊन आवडतं! ऊन अंगाला चांगलं असतं!"

"बघा!" ते डॉन तेओफिलोंना म्हणाले. "स्वतःसाठी काही मागायचं माहीतच नाही या बाईला!" आणि लिहून घेतलं.

मी सगळ्यांना धीर देत राहिले. अगं, सरकारी काम! पुढच्या पिढीला तरी येतं का ते छत! पण पुढचा हंगाम उजाडायच्या आत ट्रक आले. सरकार आयुष्यात एकदा वेळेवर आलं, आणि ते नेमकं माझ्या वाळवणावर! कोब्यावर आता असं दणदणीत छत आहे की भर दुपारी तिथं गारवा असतो. नवी पाटी लागली आहे, पहिलीपेक्षा मोठी. तिच्यावर शून्यं तर आहेतच, शिवाय खाली लिहिलंय: 'श्रीमती झेनायदा यांच्या निरपेक्ष प्रेरणेने.' एर्मेलिंदा येता-जाता ती ओळ मोठ्यानं वाचते.

कॉफी आम्ही आता रस्त्याच्या कडेला वाळवतो. ट्रक आला की गोळा करायची, गेला की पसरायची. निम्मी ओलीच विकावी लागते. पत्रे अर्थातच आले नाहीत, आणि छतातलं ते मोठं भोक तसंच आहे, कारण चेंडू आता सरकारी कपाटात असतो.

त्यामुळे पाऊस आला की घरात बसवत नाही. मी, फोर्तुनातो, मुलं, सगळे उठतो आणि कोब्यावर जातो. गावात न गळणारं एवढंच एक छत. हळूहळू बाकीच्याही येतात. गळकी घरं काय माझ्या एकटीची आहेत? आणि आलोच आहोत, गारठाही आहे, तर मग खेळतो.

परवा साहेबांचा फोन आला होता. "काय ताई, पावसातही नियमित वापर होतो ना?"

आणि मला पहिल्यांदाच त्यांच्याशी खोटं बोलावं लागलं नाही!