परकारभाईंची राखीव खोली

पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे निघालं की परकारभाई हात आडवा धरून विचारायचे, "रूल आहे?"

रूल म्हणजे परवानगी. परकारभाई मूळचे रत्नागिरीचे. शारजात आमच्याच कंपनीचं नेटवर्क सांभाळायचे, आणि मी त्यांचा भाडेकरू. मंदीनंतर काही वर्षांनी कंपनीने सर्व्हरची खोली मोडून सगळा कारभार क्लाउडवर नेला, आणि तेव्हापासून या गृहस्थांना घर म्हणजे नेटवर्कच वाटायला लागलं.

"जोशी, क्लाउडमध्ये तारा नाहीत, पण भिंती आहेत," ते समजावायचे. "कुंपण घालायचं, आत खोल्या पाडायच्या. बाहेरच्यांसाठी हॉल, बाकी सगळं प्रायव्हेट. आधी सगळं बंद, मग लागेल तेवढंच उघडायचं."

मी हॉलमध्ये झोपायचो. म्हणजे मी पब्लिक.

दुसरं वेड रेंजचं. नेटवर्कमधल्या प्रत्येक मशीनला पत्ता लागतो, म्हणून लागतील तेवढे पत्ते आधीच राखून ठेवायचे, ती रेंज. "रेंज मोठी धरा. आत वस्ती झाली की वाढवता येत नाही, खलास." हे त्यांनी मॅनेजरला ऐकवलं, वॉचमनला ऐकवलं, आणि माझ्यासमोर फ्रिजच्या दुकानदारालासुद्धा.

घरातली एक खोली मात्र कायम बंद. इथे लोक बाल्कनीतसुद्धा पोटभाडेकरू ठेवतात, आणि हे महाशय म्हणणार, "रिझर्व्ह्ड आहे." मी मनातल्या मनात त्यांना कंजूष, विक्षिप्त, काय वाटेल ते म्हणून घेतलं.

एका उन्हाळ्यात हॉलचा एसी बंद पडला. मी गादी उचलून त्या दाराशी जाऊन उभा राहिलो. परकारभाईंनी जरा विचार केला आणि कुलूप काढलं.

आत गुलाबी पडदे, धुतलेली चादर आणि लहान मुलांची एक बुटकी कॉट. मंदीत पगार कापला गेला तेव्हा बायकोला आणि छोट्या लेकीला, सनाला, त्यांनी गावी पाठवलं होतं, सहा महिन्यांसाठी म्हणून. तेव्हापासून दर वर्षी "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला" चाललं होतं.

"परकारभाई," मी बोलून गेलो, "सना आता बारावीला ना?"

ते कॉटच्या कडेवर टेकले. गुडघे हनुवटीपर्यंत आले. बराच वेळ चादरीची सुरकुती सारखी करत राहिले.

"रेंज लहान धरली मी, जोशी."

गादी घेऊन मी हॉलमध्ये परतलो.

त्याच शुक्रवारी आम्ही दोघांनी मोठी कॉट जिन्याने वर चढवली, कारण ती लिफ्टमध्ये मावेना. परकारभाईंनी तिच्यावर नवी चादर घातली आणि दाराला पुन्हा कुलूप लावलं.