शांतवनकाकांची उपकारस्तुती

शांतवनकाकांवर उपकार करणं आमच्या ख्रिस्ती मंडळीत जरा धोक्याचं समजतात. एखादा त्यांना औषध आणून देतो, सायकलची चेन बसवून देतो, आणि मग रविवारपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागतो.

कारण रविवारी आमच्या उपासनेत उपकारस्तुतीची वेळ असते. ज्याला देवाचे आभार मानायचे असतील त्यानं उभं राहून मानायचे. बाकीचे "प्रभूनं आठवडाभर सांभाळलं" एवढं म्हणून खाली बसतात. शांतवनकाका उभे राहतात, चष्मा पुसतात आणि सोमवारपासून सुरुवात करतात. त्यांचं म्हणणं असं, की बिननावाचे धन्यवाद म्हणजे बिनपत्त्याची चिठ्ठी. कुणी, कधी, कसं केलं ते सगळं सांगायचं. शिवाय देवासमोर अर्धवट बोलणं म्हणजे खोटं बोलणंच, हे त्यांचं पक्कं मत.

कोहका वस्तीतल्या विल्सननं एकदा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. रविवारी काका हात जोडून म्हणाले, "प्रभू, विल्सनसाठी तुह्ये उपकार मानतो. त्याले सुट्टी भेटत नव्हती, तं सासू सिरियस हाय म्हणून सांगून आला बिचारा." सासूबाई चौथ्या बाकावर धडधाकट बसल्या होत्या, आणि विल्सनचे फोरमनसाहेब पाचव्या. त्या दिवशी विल्सन शेवटचं गीत सुरू व्हायच्या आतच चप्पल शोधायला बाहेर गेला.

मार्थाबाईंनी प्रेमानं वांग्याचं भरीत पाठवलं, तर "मीठ जास्त पडलं होतं प्रभू, पण मन मोठं होतं" असं भर सभेत सांगितलं. मार्थाबाई त्यानंतर तीन रविवार मागच्या बाकावर बसल्या.

मीही सुटलो नाही. माझी नोकरी चरोद्याच्या रेल्वे यार्डात. एके दुपारी ड्युटी संपवून मोटरसायकलनं येत होतो, तर काका तांदळाची पिशवी घेऊन उन्हात उभे दिसले. मी दमलेला होतो, भूक लागली होती. सरळ दुसरीकडे पाहिलं आणि पुढे गेलो. पुढच्या चौकात मनाला लागलं, म्हणून परत फिरलो आणि त्यांना घरी सोडलं. मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण काकांनी सगळा जन्म भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवली आहे. वरच्या केबिनमध्ये बसून खाली कोण काय करतो हे पाहायची त्यांच्या डोळ्यांना सवयच. रविवारी ऐकायला मिळालं, "प्रमोदनं पहिले मले पाहून न पाहिल्यासारखं केलं. मंग चौकातून परत आला. परत येनं सोपं नाही, प्रभू."

माझी बायको शीला इतकी हसली, की आमचा बाक हलायला लागला. मी मान खाली घातली. पण ते शेवटचं वाक्य पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आता अडचण अशी, की आमची मराठी मंडळी लहान, पन्नास-साठ माणसांची. हॉल हिंदी मंडळीचा. आठ ते दहा आम्हाला दिलेला, दहाला त्यांची उपासना. पावणेदहाला काका जेमतेम गुरुवारपर्यंत आलेले असायचे. दाराशी हिंदीवाली मुलं गिटार घेऊन उभी, आत काका शुक्रवारच्या दळणावर. शेवटी त्यांच्या पाळकांनी आमच्या पाळकांना नम्रपणे सांगितलं, की पुन्हा उशीर झाला तर तुम्ही दुपारी दोनची वेळ घ्या. वर पत्र्याचं छप्पर, आणि भिलाईचा मे महिना. आमच्यातल्या अर्ध्या म्हाताऱ्या त्या उपासनेत थेट स्वर्गातच गेल्या असत्या.

मी मंडळीचा सचिव. आमचे पाळक म्हणजे देवमाणूस, मुंगीलाही "बाजूला हो" म्हणणार नाहीत. ते मला म्हणाले, की प्रमोद, तू सांग.

संध्याकाळी कुरुद वस्तीत काकांच्या घरी गेलो. निवृत्तीनंतर बांधलेलं दोन खोल्यांचं घर. रूथकाकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी लग्न होऊन दूर आंध्रात, त्यामुळे काका एकटेच. त्यांनी चहा टाकला. मी हॉलची गोष्ट सांगितली, उन्हाची सांगितली, आणि कसंबसं म्हटलं, की काका, तुम्ही दोन मिनिटांतच आटपाल का?

वाद होईल या तयारीनं मी गेलो होतो. काका लगेच म्हणाले, "बरोबर हाय तुह्यं. दोन मिनिटं." मग चहा गाळता गाळता सहज विचारल्यासारखं बोलले, "पण बाकीचं मी कोनाले सांगू?"

मी कप हातात घेतला. तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं. लग्न झालं तेव्हा ते रोज ड्युटीवरून चिडूनच घरी यायचे. हा असा बोलला, त्यानं तसं केलं. काकूंनी नियम घातला, की तक्रारी मागून. आधी आज कुणी तुमच्यासाठी काय केलं ते सांगा. मग चहाचा कप हातात देऊन त्या समोर बसायच्या, आणि सगळं ऐकून झालं की स्वतःचंही सांगायच्या. अडतीस वर्षं हे चाललं.

"तक्रारी राहूनच जायच्या," काका म्हणाले. "आता ऐकनारं कोनी नाही. सोमवारपासून साठत राहते. मंग रविवारी सारं तिथंच मोकळं करतो."

मी चहा पिऊन निघालो. इतक्या लवकर ऐकणाऱ्या माणसाचा मला राग यावा, हे नवलच.

त्या रविवारी काका उभे राहिले, "प्रभू, सगळ्यांसाठी तुह्ये उपकार" एवढंच म्हणाले आणि बसले. साडेनऊलाच उपासना संपली. हॉल वाचला. पण घरी जायला कुणी उठेना. विल्सन उगाच पंख्याकडे बघत बसला. मार्थाबाई तर माझ्यावरच घसरल्या, की या वेळी मीठ मोजून टाकलं होतं, आणि तू त्यांचं तोंड बंद केलंस.

सोमवारी ड्युटी सुटल्यावर गाडी आपोआपच कुरुदकडे वळवली. मनातून मला जरा मोठेपणाही वाटत होता. एकट्या म्हाताऱ्याची सेवा करायला निघालो होतो ना मी! बसलो आणि विचारलं, की काका, आज कुणी काय केलं?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा पुसला. दूधवाल्यापासून सुरुवात झाली ती शेजारणीच्या पोरीनं फोन चार्जिंगला लावून दिला इथपर्यंत आली. तासभर तरी लागला असेल. मी खुर्चीतून उठणार, तेवढ्यात ते म्हणाले, "आता तू सांग."

मला एकही गोष्ट आठवेना. यार्डातल्या कटकटी मात्र रांगेनं तयार होत्या. काकांनी घाई केली नाही. ते नुसते बसून राहिले, दुपारभर बसायची तयारी असल्यासारखे.

शेवटी मी म्हणालो, "डबा." माझी पहिली पाळी असली की शीला चारला उठते. चौदा वर्षं उठते आहे. मला गार पोळी चालत नाही म्हणून. 

"हे मले कावून सांगून राहिला?" काका म्हणाले. "तुह्या घरी ऐकनारी हाय. जा. माह्यापाशी उद्या बस."

त्यांनी मला अक्षरशः हाताला धरून उठवलं. फाटकापर्यंत आले, गाडी सुरू होईपर्यंत थांबले, आणि मग एकटेच आत गेले.

घरी शीला भांडी घासत होती. तिथेच उभा राहून तिला सगळं सांगितलं. तिनं ताप आहे की काय म्हणून ओला हात माझ्या कपाळाला लावून पाहिला, आणि मग बराच वेळ काढला नाही.