ओटा आणि फळी

येत्या रविवारी मुलगी आईला कायमचं आपल्या घरी घेऊन जायला येणार होती. बॅग भरून दारात तयार होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून आईचा डावा हात लुळा पडला होता. उजव्या हातात सुरी धरली की बटाटा धरायला हात उरत नव्हता. सुरी टेकली की बटाटा जमिनीवर, आणि तो शोधायला निवृत्त मोजणीदार, म्हणजे तिचा नवरा, टेबलाखाली.

"तिथे मला स्वयंपाकघरात कोण जाऊ देणार? नुसतं खिडकीशी बसायचं," असं ती एकदाच म्हणाली.  मोजणीदार उठून तडक लाकडाच्या वखारीत गेले आणि अडचण सांगितली.

"भाजी चिरायची फळी करा," वखारवाला म्हणाला. "खालून दोन स्टीलचे खिळे ठोका, टोकं वर येऊ द्या. बटाटा त्यात खोचायचा. धरायला हात लागतच नाही. देऊ करून?"

"मी करीन!"

उभ्या जन्मात त्यांनी लाकडाला हात लावला नव्हता. पण आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्यावर हातभर फळीला कोण घाबरतो?

सोमवारी फळी कापून ओट्यावर ठेवली, तर ती डुगडुगली. हा ओटा बत्तीस वर्षांपूर्वी गवंड्याला हाकलून मोजणीदारांनी स्वतः बसवला होता. घरातली एकमेव सरळ वस्तू म्हणून ते तो पाहुण्यांना दाखवत. म्हणजे दोष फळीचाच! त्यांनी टेकलेल्या कोपऱ्याला खालून रंधा मारला. फळी बसली. फिरवून ठेवली, की पुन्हा डुगडुग. पुन्हा रंधा. बुधवारपर्यंत फळी पुठ्ठ्याएवढी उरली आणि पहिल्याच खिळ्याला उभी चिरली. शुक्रवारी दुसरीही त्याच वाटेने गेली, जाताना त्यांच्या तीन बोटांची सालं घेऊन.

"अहो, पुरे आता," बायको म्हणाली.

"पुरे काय? परवा ती येतेय!"

शनिवारी तिसरी फळी बगलेत मारून ते वखारवाल्यावर धावून गेले. "वाकडं लाकूड माझ्या गळ्यात मारतोस?"

वखारवाल्याने फळी आपल्या टेबलावर ठेवली. चारही बाजूंनी दाबली. फळी हलेना.

"सरळ आहे की. तुम्ही ठेवता कुठे?"

"ओट्यावर."

"ओटा कुणी बसवला?"

मोजणीदारांचा चेहरा उतरला. त्यांनी फळीत तिथेच खिळे ठोकून घेतले आणि खाली मान घालून घरी आले.

"ओट्याचं तुला माहीत होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"बत्तीस वर्षं फळीखाली चिंधी ठेवतेय मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पहिल्या वर्षी सांगितलं होतं. पंधरा दिवस बोलला नाहीत."

"अगं, निदान या आठवड्यात तरी!"

"तुम्ही ओटाच फोडायला काढला असता. पोरीला काय ढिगारा दाखवायचा होता?"

रविवारी मुलगी आली. आईने फळीखाली चिंधी सरकवली, बटाटा खिळ्यांत खोचला आणि एका हाताने चिरून दाखवला. मग दुसरा. मुलीने एक फोड उचलून निरखून पाहिली. 

"राहू शकशील तू इथे, आई," ती म्हणाली. मोजणीदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात मुलीची नजर त्यांच्या बोटांवरच्या बँडेजवर गेली, तिथून कोपऱ्यातल्या भुशावर आणि चिरलेल्या दोन फळ्यांवर.

"पण बाबांचं हे काय? आई, तुझं तुलाच जड झालंय, त्यात यांना कुठे सांभाळशील? यांनाच नेते मी."

मोजणीदार घाबरून बायकोकडे बघायला लागले.  त्यांना खरंच जायचं नव्हतं.

आईने तिसरा बटाटा खिळ्यांत खोचला.

"राहू दे त्यांना इथेच," ती म्हणाली. "तुझ्याकडे त्यांच्याखाली चिंधी कोण ठेवणार?"