गफूर मास्तरांचं अकरावं वाक्य

विज्ञानाच्या इतिहासात भूमच्या मदरशाचं नाव सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाईल, असं गफूर मास्तर गंभीरपणे सांगत. मदरशात तेव्हा साधी निळी शाईसुद्धा पाणी घालून पुरवावी लागे, म्हणून मी वाद घालत नसे.

राज्य निजामाचं, शिकवणं उर्दूतून, मुलं घरी मराठी बोलणारी. त्यांना इंग्रजी शिकवायचं काम मास्तरांचं. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. मधे भिंत होती, पण मास्तरांचा आवाज तिला मानत नसे. सरकारी पुस्तकात 'यूज्ड टु'च्या, म्हणजे जुन्या सवयींच्या धड्यात सगळी राजांची वाक्यं होती. राजा शिकारीला जात असे, राजा दान करत असे. मास्तरांनी ती काढून टाकली. "राजाची कसली आदत? करतात दुसरेच, हा नुसता बघतो." त्या जागी त्यांनी शास्त्र शिकलेल्या बायका आणल्या. सगळ्या युरोपातल्या, सगळ्या मेलेल्या.

"शी यूज्ड टु काउंट द स्टार्स!" चाळीस मुलं ओरडत. ती तारे मोजत असे. कुणी किडे पाळत असे, कुणी दगड फोडून त्यातले लाखो वर्षांपूर्वीचे मासे शोधत असे. तक्रार घेऊन आलेल्या पालकांना मास्तर सांगत, "एकदा केलं ते काम, मियाँ. रोज केलं ती आदत. शास्त्र म्हणजे आदत." पालक मान डोलवून शेताकडं जात. तेही रोज तेच करत होते, पण त्यांना शास्त्रज्ञ कुणी म्हणत नव्हतं.

अकरावं वाक्य होतं : शी यूज्ड टु मेझर द रेन एव्हरी मॉर्निंग. ती रोज सकाळी पाऊस मोजत असे. ही बाई कुठली, असं कुणी विचारलं की मास्तर "लई लांबची" म्हणत आणि खडू शोधू लागत.

ती कुठली ते मला ठाऊक होतं. मास्तरांच्या अंगणात पत्र्याचा एक सरळ डबा होता. त्यांच्या बीबी, सकीनाभाभी, रोज सकाळी त्यात खुणांची काडी बुडवून बघत आणि वहीत लिहीत. त्यांचे वडील तहसिलीत पाऊस मोजायचे, तिथं शिकलेल्या. बावीस वर्षं एकच अंगण, एकच डबा. वहीत पानंच्या पानं 'न्हाय' लिहिलेलं. दुष्काळी भूममध्ये दुसरं काय लिहिणार?

"न्हाय हेबी माप हाय, भाऊजी," त्या एकदा पडद्याआडून मला म्हणाल्या. "फकत जागा बदलली की समदं वाया."

मास्तरांना एक ताकीद आधीच मिळालेली होती. पुस्तकाबाहेरचं शिकवल्याचा आणखी एक शेरा आला असता तर बदली ठरलेली. त्या साली मुआयन्याला, म्हणजे शाळा तपासायला आलेले साहेब रिवाजाप्रमाणे मास्तरांकडंच जेवायला बसले. पंगतीला मीही होतो. साहेब उजव्या हातानं मटण आणि डाव्या हातानं एका मुलाची वही चाचपत होते.

"गोऱ्या बायका ठीक आहेत," ते म्हणाले. "ही पाऊसवाली कोण?"

पडद्यामागं वाजणाऱ्या बांगड्या थांबल्या.

मास्तर ताटाकडं बघत म्हणाले, "कुणी न्हाय, हुजूर. मनानं बनवलेली."

"मग काढून टाका. मदरशात खोटं नको."

"जी."

शेरा चांगला मिळाला. बदली टळली. साहेबांनी मटणाचीही तारीफ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांना हाक मारायला गेलो. भाभींनी काडीला हात लावलेला नव्हता. मास्तर एकटेच डब्यापाशी उकिडवे बसले होते, हातात काडी, मांडीवर वही.

"अजी, कोरडी हाय," त्यांनी पडद्याकडं बघून सांगितलं.

 आतून आवाज आला, "मग लिवा की. आदत तुमाला शिकवावी लागंल का?"

मास्तरांनी वही उघडली, पण आधी मागं उलटत पहिल्या पानावर आले. बावीस वर्षं ते कोरंच होतं. त्यावर त्यांनी पाणी न घातलेल्या शाईनं भाभींचं नाव लिहिलं आणि फुंकर मारून वाळवलं.

मग त्या दिवसाचं माप लिहिलं. न्हाय.