गाडी खाली बसवणारे डुलीभाऊ

माणूस भेटला की आपण रामराम करतो. डुलीचंद रहांगडाले ऊर्फ डुलीभाऊ गाडी भेटली की उकिडवे बसत. गाडी कोणाची, आत कोण बसलंय, थांबलीय की निघायच्या बेतात आहे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. ते सरळ पुढच्या चाकाजवळ बसकण मारत, टायर आणि त्यावरचा पत्रा यांच्या मधल्या फटीत हात घालत, बोटं मोजत आणि वर न बघता निकाल देत, "चार बोटं जास्त आहे."

कशापेक्षा जास्त, हे विचारायची सोय नव्हती. त्यांच्या मते जगातली प्रत्येक गाडी चार बोटं जास्त उंच होती. कारखान्यातल्या इंजिनियरांनी विचार करून उंची ठरवली असेल, असं मी एकदा म्हणून पाहिलं. "थ्याईचा पेन घसरला असन," डुलीभाऊ म्हणाले, आणि विषय संपला.

आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या लग्नात तर कहर झाला. फुलांनी मढवलेली नवरदेवाची जीप देवरीच्या बसस्टँडपाशी आली आणि बँडवाल्यांच्या मधून वाट काढत डुलीभाऊ चाकाशी बसले. वाजवणाऱ्यांना वाटलं, कोणी चाकाखाली आलं. बँड थांबला. वऱ्हाड थांबलं. त्या शांततेत चाकाजवळून आवाज आला, "चार बोटं."

नवरदेव फेटा सावरत वाकला. "का झालं गा, भाऊ?"

"काई नाई. लगन होऊन जाऊ दे. मंग घेऊन ये, खाली करून देतो."

नवरी की जीप, याचा खुलासा न करता ते उठून चहाच्या टपरीकडे गेले.

मी देवरीला जनावरांचा डॉक्टर म्हणून आलो ते दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात. दवाखाना हायवेला लागून, मागे माझं क्वार्टर आणि रस्त्याच्या पलीकडे टिनाच्या शेडमध्ये डुलीभाऊंचं दुकान. कमानी दुरुस्त करायचं दुकान. ट्रक-जीपच्या चाकांवर धनुष्यासारखे वाकवलेले पोलादी पट्टे एकावर एक रचलेले असतात आणि गाडीचं सगळं ओझं ते पेलतात, त्यांना आमच्याकडे कमानी म्हणतात. रायपूर-नागपूर रस्त्यावरचे ड्रायव्हर पट्टा तुटला की देवरी येईपर्यंत कळ काढत, इतका डुलीभाऊंचा हात पक्का. भट्टीत लाल झालेला पट्टा ते ऐरणीवर असा बसवत, की जोड शोधून सापडू नये.

अडचण एकच होती. गिऱ्हाईक यायचं गाडी उंच करायला आणि जायचं बुटकी घेऊन. धानाची जादा पोती भरता यावीत म्हणून ट्रकवाले कमानीत एखादा पट्टा वाढवून मागत. डुलीभाऊ चहा पाजत आणि एक काढून घेत.

"अरे भैया, मैंने डालने को बोला था!" छत्तीसगडचा एक ड्रायव्हर कळवळून ओरडला.

"ट्रक चलाना है कि मचान पे बैठ के सूअर भगाना है?" डुलीभाऊंनी शांतपणे विचारलं. ड्रायव्हर विचारात पडला. तो विचारात आहे तोवर यांनी शेवटचा नट आवळला.

त्यांची स्वतःची जीप ही तर या धर्माची मुख्य मूर्ती. एवढी खाली, की रस्त्यात बसलेलं कुत्रं तिच्या बॉनेटवरून पलीकडचं पाहू शके. गतिरोधक आला की जीपचं पोट घासायचं आणि त्याचा आवाज दोन गल्ल्या ऐकू जायचा. त्यामुळे डुलीभाऊ पेट्रोल पंपाच्या आवारातून, धान गिरणीच्या मागून, प्रसंगी कोणाच्या अंगणातून वळसा घालत. शेवटी त्यांनी ग्रामपंचायतीला अर्ज दिला, की गावातले सर्व गतिरोधक चार बोटं खाली करण्यात यावेत. ग्रामसेवकाने तो अर्ज मला वाचून दाखवला. खाली सही होती आणि सहीच्या शेजारी, समजायला सोपं जावं म्हणून, चार बोटांचं चित्र.

माझी सरकारी जीपही त्यांच्या तावडीतून सुटली नाही. ककोडीकडच्या एका गावी म्हैस अडली होती, तिथून परतताना पट्टा तुटला. जीप दुकानात लावली. दुसऱ्या दिवशी आणायला गेलो तर जीप दिसेना. होती तिथंच. मी नेहमीच्या उंचीवर शोधत होतो.

"डुलीभाऊ, ही सरकारी गाडी आहे हो!"

"म्हनूनच त केली. सरकारनं जमिनीवर राहाले पायजे."

"पण मला धानाच्या बांध्यांमधून जावं लागतं. धुऱ्यावर अडकेल ना ही."

"मंग पायदल जाजा. डॉक्टरनं चालाव. तुमीच सांगता ना सगळ्याईले?"

मी सांगत होतो ते गाभण गाईंबद्दल. पण ऐकतो कोण! आठच दिवसांत ती जीप दोन बांध्यांमधल्या मातीच्या धुऱ्यावर पोट टेकून अडकली. पुढची चाकं हवेत, मागची चाकं हवेत, आणि मी आत बसून झोपाळ्यासारखा खालीवर. शेजारच्या बांधीतलं एक खोंड आलं आणि खिडकीतून खाली वाकून माझ्याकडे पाहू लागलं. तोवर मी जनावरांना वरून तपासत आलो होतो. त्यांच्या बाजूने हा प्रकार कसा दिसतो ते त्या दिवशी कळलं.

पुढे गोंदियाहून मोठे साहेब तपासणीला आले. जीपमध्ये चढण्यासाठी त्यांनी सवयीने पाय उंच उचलला आणि तो पायरी चुकल्यासारखा धाडकन आत गेला. साहेब सीटवर आदळले. मला वाटलं, आता मेमो येतो. साहेब मात्र काही वेळ कमरेवर हात ठेवून बसले आणि म्हणाले, "बरी आहे हो गाडी. माझी चढताना पाठ भरते." जाताना त्यांनी दुकानाचा पत्ता नीट विचारून घेतला. डुलीभाऊंना हे सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "साहेबाची गाडी कितीक उंच आहे?"

असे हे डुलीभाऊ. एकटे राहत. दुकानाच्या मागेच एक खोली. स्वयंपाक स्वतः करत आणि भाजी बिघडली की शेजाऱ्यांना आवर्जून आणून देत. मीही त्यांना बाकी सगळ्यांसारखा एक मजेशीर विक्षिप्त माणूस समजत होतो. टेकचंदसेठची गाडी येईपर्यंत.

टेकचंदसेठ तेंदूपत्त्याचे कंत्राटदार. त्यांचे चार ट्रक आणि दोन पिकअप डुलीभाऊंकडेच दुरुस्तीला येत. निम्मं दुकान त्यांच्यावर चालत होतं म्हणा ना. त्या वर्षी त्यांनी नवी मोठी काळी गाडी घेतली. आधीच ती घराच्या ओट्याएवढी उंच. सेठना वाटलं, जंगलच्या रस्त्याला आणि रुबाबाला अजून थोडी हवी.

"दोन इंच उचलून दे, डुलीभाऊ. लोकाईनं मान वर करून पाहाव," ते उतरता उतरता म्हणाले.

मी समोर दवाखान्याच्या दारात होतो. गाडीत सेठची म्हातारी आई होती. तिला गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. दुकानात काम होईपर्यंत ती आमच्याकडे बसेल असं ठरलं. तिला उतरवायला सेठ आणि ड्रायव्हर दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून उभे राहिले. म्हातारीचा पाय खाली पोचेना. तो हवेत चाचपडत राहिला, लुगडं पायरीच्या कोपऱ्याला अडकून पोटरीपर्यंत वर गेलं आणि पदर डोक्यावरून घसरला. दोघांनी तिला पोत्यासारखं उचलून खाली ठेवलं. शेजारच्या चहाच्या टपरीवरचं कोणी तरी खिदळलं. म्हातारीने आधी पदर घेतला, मग लुगडं सारखं केलं आणि कोणाकडेही न पाहता म्हणाली, "राहू दे टेका. मी नाई येत डाक्टरकडं. आता उतरलो त इथूनच घरी जातो."

"काऊन नाई येत, माय? नंबर लावला आहे ना दुपारचा!"

"मले दिसते बरोबर."

डुलीभाऊ चाकाशी बसले होते. फटीत हात होता, पण बोटं मोजत नव्हते. ते म्हातारीकडे पाहत होते. मग उठले आणि म्हणाले, "सेठ, दोन घंटे द्या. तुमी गावात जाऊन या."

म्हातारी आमच्या ओसरीत येऊन बसली. माझ्या बायकोने चहा दिला, चिवडा दिला. दोघींच्या गप्पा रंगल्या. समोरून घणाचा आवाज येत होता. मी मुद्दाम तिकडे गेलो नाही, कारण त्या आवाजावरून कळत होतं की पट्टे वाकवले जात नाहीत, सरळ केले जात आहेत.

सेठ आले तेव्हा गाडी चांगली वीतभर खाली बसली होती. ते आधी नुसते बघत राहिले. मग त्यांचा तोल सुटला.

"मी उचल म्हनलो होतो ना! उचल! नव्या गाडीचा सत्यानास केला ना गा तू! उद्यापासून माहा एक बी ट्रक तुह्या दारात येनार नाई, समजला?"

एरवी डुलीभाऊंनी त्या मचानासारखी दहा उत्तरं दिली असती. त्या दिवशी ते नुसते हात पुसत उभे राहिले. टपरीवरची गर्दी मजा बघायला पुढे सरकली.

तेवढ्यात म्हातारी काठी टेकत आमच्या ओसरीतून उतरली, रस्ता ओलांडून गाडीपाशी आली. कोणाला हाक मारली नाही. दार स्वतः उघडलं, एक पाय आत ठेवला, टेकली, दुसरा पाय आत घेतला. पदर सारखा केला. काठी दोन गुडघ्यांच्या मधे उभी धरली. मग बाहेर डोकं काढून म्हणाली, "चाल ना टेका, भांडत का राहिला? नंबर जाईन ना."

टेकचंदसेठनी आईकडे पाहिलं, डुलीभाऊंकडे पाहिलं आणि ते गाडीत जाऊन बसले. पण चारचौघांत बोललेलं लगेच मागे कसं घेणार? त्यामुळे दोन महिने त्यांचे ट्रक आले नाहीत. मग हळूच एक आला, मग सगळे आले. गाडी मात्र त्यांनी पुन्हा कधी उंच करून घेतली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी दवाखाना बंद करून मी पलीकडे गेलो. डुलीभाऊ भट्टी विझवून बाकावर बसले होते.

"डुलीभाऊ, आज भांडला नाहीत ते? अर्धं दुकान गेलं की हो हातचं."

त्यांनी सरकून मला बाकावर जागा करून दिली.

"नव्यान्नव सालात माह्याजवळ दुसरी जीप होती, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "उंच केली होती. कमानीत दोन पट्टे जास्त, टायर मोठे. अख्ख्या देवरीत तेवढी उंच कोनाची नव्हती. अनुसयाले, माह्या बायकोले, म्हनलो, चाल, प्रतापगडच्या महादेवाच्या जत्रेले जाऊ. तिचे गुडघे दुखत. पाय काई वर जाये ना. बसस्टँडवर लोक पाहून राहिले होते. मी हॉर्न वाजवून राहिलो. म्हनलो, चढ ना वं, जीप आहे का हिमालय आहे? सगळे हासले. मी हासलो. थे बी हासली."

त्यांनी दुपट्ट्याने मान पुसली.

"मंग म्हने, राहू द्या, मी नाई येत, तुमी जा. अना मी गेलो ना. एकटाच गेलो, जत्रा पाहून आलो."

"मग?"

"मंग पाच वर्सं कोठीच आली नाई. लगनाले नाई, बजारले नाई. म्हने, मले गाडी लागते. मी म्हनलो, लागत असन. थे गेली तवा तिची बहीन आली. म्हने, भाऊजी, गाडी कायची लागते तिले! फिराची किती हौस होती. चढता येत नव्हतं, अना चार लोकाईत उचलून बसवा म्हनाची लाज वाटे." ते थांबले. "मले म्हनली नाई जी. मी बी इचारलं नाई. तेरवी झाली, दुसऱ्या दिवशी त्या जीपचे पट्टे काढाले बसलो. तवापासून काढतच आहो."

समोरून एक ट्रक गेला. डुलीभाऊंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी म्हणालो, "डुलीभाऊ, बाजार उठायच्या आत भाजी आणायची आहे. सोडता का मला?"

तीन वर्षांत मी त्यांच्या जीपमध्ये कधी बसलो नव्हतो. बसणाऱ्याला टपरीवरचे हसत, म्हणून. डुलीभाऊ लगबगीने उठले. शेजारच्या सीटवर कमानीचे नट-बोल्ट पडले होते, ते त्यांनी मागे टाकले. सीट दुपट्ट्याने झटकली, मग पुन्हा एकदा झटकली. मी नुसता पाय उचलून आत ठेवला आणि बसलो. एवढं सोपं होतं ते.

डुलीभाऊ पलीकडून येऊन बसले. किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"बसले ना बरोबर?"

मी मान हलवली. ते समोर बघत होते, त्यांना ती दिसली नाही. ते थांबून राहिले.

"बसले ना?"

"बसलो," मी म्हणालो. मग त्यांनी गाडी सुरू केली.