थांबत नाही

मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं शनिवारी चार वाजता पहिल्यांदा घरी येणार होती, आणि त्याच शनिवारी सकाळी अकरा वाजता विमा एजंटसाहेब दातांच्या दवाखान्यात आ वासून बसले होते. दाढ दोन दिवस ठणकत होती. दुसऱ्या कुणाची असती तर त्याने सोमवारपर्यंत कळ काढली असती. पण एजंटसाहेबांचं सगळं आयुष्य तोंडावर चाललेलं. समोरच्याला "विचार करून सांगतो" म्हणायलाही फट मिळू नये, अशा बेताने ते बोलत. व्याह्यांपुढे काय बोलायचं ते त्यांनी आठवडाभर आरशासमोर घोटलं होतं. त्यात तीन विनोद होते, आणि ऐन विनोदाच्या जागी जीभ दाढेवर आपटून तिन्ही वाया जात होते.

दातांची डॉक्टर त्यांच्या मुलीच्याच वयाची होती. तिने फॉर्म पुढे ओढला.

"डायबेटिस?"

"नाही."

"बीपी?"

"गोळी घेतो. एकदम ताब्यात."

"किडनीचा काही त्रास? पेनकिलर वगैरे घेता का?"

एजंटसाहेबांनी क्षणभर छताकडे पाहिलं. "छे छे! घोड्यासारखा आहे मी."

म्हणताना त्यांची त्यांनाच लाज वाटली. असल्याच रकान्यांवर बोट ठेवून त्यांनी शेकडो गिऱ्हाइकांना बजावलं होतं, "काही लपवू नका हो, नंतर नडतं." खरी गोष्ट अशी होती की सहा महिन्यांपूर्वी एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघून त्यांना सांगितलं होतं, तुमच्या दोन्ही किडन्या मिळून जेमतेम एक तृतीयांश काम करतायत. मीठ कमी करा, दुखण्याच्या गोळ्यांना हात लावू नका, दर महिन्याला या. एजंटसाहेबांनी रिपोर्टची घडी घातली, ती जुन्या पॉलिसींच्या गठ्ठ्यात तळाला सारली आणि घरी येऊन "सगळं नॉर्मल" म्हणून सांगितलं. मुलीचं लग्न जुळत होतं. तिला कळतं तर तिने ते पुढे ढकललं असतं. ती तशीच होती. लग्न होऊ दे, मग बघू. आणि आज खरं बोलले असते, तर या डॉक्टरीणबाईंनी "आधी किडनीवाल्यांची चिठ्ठी आणा" म्हणून परत पाठवलं असतं. दाढेपायी दोन दिवसांत गिळलेल्या सात गोळ्यांबद्दलही ते बोलले नाहीत.

दाढ निघाली सुरेख. "हा बोळा अर्धा तास घट्ट चावून धरा," डॉक्टर म्हणाली. "बोलू नका. रक्त आपोआप थांबेल."

अर्ध्या तासाने बोळा लालभडक. दुसरा लावला, तोही तसाच. दोन वाजता बायकोने दवाखान्यात फोन लावला, तर तिथे शनिवारी अर्धा दिवस. घंटा वाजून वाजून थांबली. रक्त मात्र थांबेना. धो धो वाहत होतं असंही नाही. गळक्या नळासारखं, बेताबेतानं, पण चिकाटीने येत होतं.

"अहो, मोठ्या हॉस्पिटलात जाऊन येऊ या का?"

एजंटसाहेबांनी दोन्ही हात जोरजोरात हलवले. मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मग माणसं आल्यावर काय करायचं? तुम्ही हे असे, कुणाचा तरी गळा चावून आल्यासारखे!" बायकोने कपाट उघडून गर्द लाल रंगाचे हातरुमाल काढून दिले. "निदान दिसणार तरी नाही. घसा बसलाय म्हणून सांगते."

चार वाजता पाहुणे आले. मुलाची आई रुंद खांद्यांची, भराभर चालणारी बाई. हॉस्पिटलात मोठी सिस्टर होती आणि घरच्या माणसांनाही पेशंट समजूनच हाक मारायची. मुलाचे वडील घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवत. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. त्याला दिवसाला सहा वाक्यं पुरत. मुलाने त्यांना वाटेत तीनदा बजावलं होतं, "बाबा, ते फार बोलतात, तुम्ही घाबरू नका," आणि तेव्हापासून ते घाबरलेलेच होते.

एजंटसाहेब उठले, हात जोडले, मान झुकवली आणि एक अक्षर न बोलता बसले.

घड्याळवाल्यांना आधी खरं वाटेना. ते थोडा वेळ वाट बघत राहिले. मग हळूहळू त्यांचे खांदे सैल पडले. दोघं शेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहिले. वीस मिनिटांनी घड्याळवाले मुलाच्या कानाशी वाकून म्हणाले, "उगाच नावं ठेवतोस. किती समजूतदार माणूस आहे!"

इकडे सिस्टरचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. घसा बसलेला माणूस सारखा गाल का दाबतोय? आणि याच्या मोज्यांच्या वर पायाला सूज का आहे?

एजंटसाहेबांना आता गरगरायला लागलं होतं. चौथा रुमाल भिजला होता. त्यांनी खिशातून डायरी काढली, एक पान फाडलं, त्यावर घाईघाईने दोन शब्द खरडले आणि ते समोर बसलेल्या बायकोकडे सरकवलं. पंख्याच्या वाऱ्याने चिठ्ठी उडाली आणि नेमकी घड्याळवाल्यांच्या पायाशी पडली. त्यांनी ती सभ्यपणे उचलली. द्यावी म्हणून हात पुढे केला, आणि नजर पडायची ती पडलीच.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, "थांबत नाही."

घड्याळवाले उभे राहिले. कानापर्यंत लाल झाले होते. "चला," ते बायकोला म्हणाले, "निघू या आपण."

"आत्ता कुठे आलोय! झालं काय?"

"यांना आपल्यासाठी थांबायचं नाहीये." त्यांनी चिठ्ठी पुढे केली. "आपलं बसणं जड होतंय त्यांना."

मुलीचा चेहरा पांढरा पडला. "बाबा! असं काय लिहिलंत? नको असेल तर मला तरी सांगायचं होतंत!"

"अगं, तसं नाही ते—" आई म्हणाली.

"मग कसं? कोण थांबत नाही?"

एजंटसाहेबांच्या डोळ्यांसमोर लग्न मोडायला आलं होतं. सहा महिने ज्याच्यासाठी तोंड मिटून राहिले, तेच निसटत होतं. त्यांनी रुमाल बाजूला केला, तोंड उघडलं आणि ओरडले, "रक्त!" शब्दाबरोबर तो जिन्नसही बाहेर आला आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर ओघळला.

"बसा खाली," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज एकदम वॉर्डातला झाला. "आ करा. कधी काढली दाढ?"

"सकाळी अकराला," बायकोने सांगितलं.

"पाच तास? गोळ्या कुठल्या घेतल्या?" तिने एजंटसाहेबांच्या खिशातून डोकावणारं गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून वाचलं. मग त्यांच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. "मी बारा वर्षं डायलिसिसच्या वॉर्डात काम करतेय. तिथे असे पाय रोज बघते. किडनीचं काय आहे, ते खरं सांगा."

एजंटसाहेबांनी बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग डायरीचं दुसरं पान फाडून सगळं लिहिलं. या वेळी त्यांनी पूर्ण वाक्यं लिहिली.

हॉस्पिटलातले डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणाले, "प्लेटलेट्सची संख्या अगदी बरोबर आहे. जखमेवर एकमेकींना चिकटून बूच मारणं हे त्यांचं काम. पण किडनी नीट गाळत नसली की रक्तात घाण साठते आणि त्यांचं हे काम बिघडतं. त्यात तुमच्या सात गोळ्यांनी त्यांना उरलीसुरली सुटी दिली. किडनीला दणका बसला तो वेगळाच." त्यांनी हिरडीला टाके घातले, एक इंजेक्शन दिलं आणि नवा बोळा ठेवला. "दोन तास दाबून धरायचा. एक शब्दही बोलायचा नाही."

"लग्न पुढे ढकलू," मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली.

"मुळीच नाही," सिस्टर म्हणाली. "यांच्यावर लक्ष ठेवायला घरचंच कुणीतरी हवंय. दर महिन्याला मी स्वतः दंडाला धरून आणीन. जा, तुम्ही दोघं औषधं आणि घरून तो जुना रिपोर्ट घेऊन या." आणि ती डॉक्टरांशी बोलायला निघून गेली.

खाटेपाशी बायको उरली, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर घड्याळवाले.

बायकोने चादर त्यांच्या अंगावर नीट ओढली. मग म्हणाली, "सहा महिने?"

एजंटसाहेबांनी मान हलवली.

"जेवण अळणी लागतं म्हणालात, म्हणून मी रोज वरून मीठ वाढत होते. माझ्या हाताने. तुम्ही खात होतात!" तिने पदराने डोळे पुसले आणि मग ती बोलायला लागली. आधी मिठाबद्दल, मग तिने न विचारलेल्या आणि त्यांनी न सांगितलेल्या गोष्टींबद्दल. मग सत्तावीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाबद्दल, तेव्हा तिला केवढी भीती वाटली होती आणि हे दारात उभे राहून नर्सला पॉलिसी समजावत होते त्याबद्दल. "तुम्हालाही तेव्हा भीतीच वाटत होती, हे मला दहा वर्षांनी कळलं," ती म्हणाली. "भीती वाटली की तुम्ही जास्त बोलता. मला एकदा नुसतं सांगायचंत, भीती वाटते म्हणून." एजंटसाहेब ऐकत होते. मध्ये बोलायची सोयच नव्हती. त्यांना वाटलं, ही बाई इतकं छान बोलते आणि आपल्याला पत्ताच नाही.

मग त्यांची नजर भिंतीकडे गेली. दोन तास होऊन गेले होते. त्यांनी घड्याळवाल्यांकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि मग तोंडातल्या बोळ्याकडे.

घड्याळवाल्यांनी भिंतीकडे पाहिलं. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन्हीकडे काटे एकाच जागी होते. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ वर्षाला दोन सेकंदही चुकत नसे. मग त्यांनी त्या बाईकडे पाहिलं. ती वाक्याच्या मध्यावर होती.

"ते भिंतीवरचं पुढे आहे," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "अजून अर्धा तास आहे. तुमचं चालू द्या, वहिनी."

एजंटसाहेबांनी त्यांच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं. मग बोळा पुन्हा घट्ट चावला, बायकोच्या हातावर हात ठेवला आणि कान टवकारले.