मास्तरांची परीक्षा घेणारे सूर्यवंशी सर

आमचे सूर्यवंशी सर संगणकाचं बटण दाबण्याआधी त्याच्या डोक्यावर टिचकी मारतात आणि म्हणतात, "उठो मियाँ, शाळा भरली." मियाँ उठायला वेळ लावतात. तोवर सर खिशातली बडीशेप चघळतात. कुणी घाईने दुसरंच बटण दाबलं, की ओरडतात, "हल्लू, हल्लू! तो काय पळून चाललाय?"

जामबागच्या आमच्या मराठी शाळेत ते गणित शिकवतात, मी इतिहास. यंदा वर्गावर्गांत डिजिटल फळे बसवायचं ठरलं. त्याआधी कुठल्या शिक्षकाला त्यातलं किती येतं, हे तपासायचं काम संस्थेने सरांवर सोपवलं. जो कच्चा निघेल त्याचा दहावीचा वर्ग दुसऱ्याकडे जाणार होता. स्टाफरूममधले विनोद एकाएकी बंद पडले.

सरांनी कुणाचीच गय केली नाही. हेडमास्तर म्हणाले, "अहो, हे सगळं माझा क्लार्क करतो."

"हौ साहेब. मग फळ्यापुढे क्लार्कलाच उभं करू?"

हेडमास्तर मुकाट्याने बसले आणि स्वतःच बनवलेली फाईल शोधत राहिले. मलाही सरांनी नीट शिकून यायला परत पाठवलं.

अडल्या त्या मराठीच्या देशमुखबाई. निवृत्ती जवळ आलेली. ऑनलाइन तास जमेल का, हे पाहायला सर शेजारच्या रिकाम्या वर्गात जाऊन व्हिडिओ कॉल लावत. बाईंनी तो घ्यायचा. दर वेळी बाईंचा अंगठा घाबरून लाल बटणावरच जाई. शेवटी त्या रडकुंडीला आल्या.

"नापास लिहा सर. दहावी घेऊ दे कुणीपण."

"नक्को. उद्या परत."

असं बरेच दिवस चाललं. मीच वैतागलो. जिन्यात सरांना गाठून म्हटलं, "छळ कशाला करता त्यांचा? पास लिहून टाका ना."

सर कठड्याला टेकले. "कोविडमध्ये आमच्या हिला दवाखान्यात ठेवलं होतं. आत कुणाला सोडत नव्हते. एका संध्याकाळी नर्सनं स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दिला. बरकतपुऱ्याच्या घरात मी एकटा. मला त्यातलं काहीच येत नव्हतं. गडबडीत लाल दाबलं. शेजाऱ्याला बोलावून परत लावला, तर नर्स म्हणाली, झोप लागलीय त्यांना. मग बोलणं झालंच नाही."

कठडा सोडून सर पुढे म्हणाले, "बाईंचा मुलगा परदेशात आहे. मी पास लिहून काय होणार?"

दुसऱ्या दिवशी मी बाईंजवळ जाऊन बसलो. फोन वाजला. या वेळी बाईंचा अंगठा हिरव्यावर पडला. पडद्यावर आधी सरांचं कपाळ आलं, मग अख्खे सर.

"दिसताय बाई! आवाज येतोय?"

"येतोय सर. ठेवू आता?"

"ठेवू नका," सर म्हणाले. "बोला थोडं. काहीही बोला."

बाई गोंधळल्या. मग सकाळी दहावीला कुठली कविता शिकवली, मुलं कुठे हसली, ते सांगू लागल्या. सर ऐकत राहिले. घंटा झाली, मुलं बाहेर पडली, तरी त्यांनी कॉल बंद केला नाही.